नदीचे वेळापत्रक आणि शिबिराची तारीख

भोकरदन तालुक्याच्या उत्तर भागातली रायघोळ ही पावसाळी नदी. जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यामुळे दिवाळी सरली की पात्रातली धार बारीक होत जाते. याच भागातला पिंपळगाव रेणुकाईचा परिसर मिरचीच्या पिकासाठी आणि मिरचीच्या बाजारासाठी ओळखला जातो. इथली उन्हाळी लागवड विहिरींच्या पाण्यावर उभी राहते, आणि पात्राजवळच्या विहिरींना पाझर मिळतो तो नदीतूनच. म्हणून काठ सावरणे हे इथे शेतीचेच काम आहे.

काठाच्या खालच्या अंगाला लव्हाळा, वाळा, हरळी पुराचा वेग मोडतात आणि गाळ धरून ठेवतात. वरच्या अंगाला करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन मातीला आवळून असतात. मातीच्या उभ्या दरडीत खंड्या आणि वेडा राघू बिळे कोरून अंडी घालतात. नांगर काठाच्या टोकापर्यंत गेला, वाळू उपसली गेली, गवत पेटवले गेले की दरड ढासळते आणि शेतातली सुपीक माती पात्रात जाते. तिच्याबरोबर फाटका मल्चिंग पेपर आणि ठिबकच्या तुटक्या नळ्याही जातात.

असा काठ दुरुस्त करायला लागणारे हात गावोगावच्या महाविद्यालयांत आहेत. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते. शिवाय दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर होते. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम, हा शिबिराचा परिचित क्रम. अडचण तारखेची आहे. शिबिरे बहुधा हिवाळ्यात भरतात. तोवर अडवण्याजोगे पाणी पुष्कळसे वाहून गेलेले असते, आणि जानेवारीत लावलेले रोप पावसापर्यंत कोणी पाणी घातले तरच जगते. मुलांचे कष्ट खरे असतात. त्यांना चुकीच्या महिन्यात राबवणे हा आखणीचा दोष आहे.

पाणी अडवणाऱ्या वनराई बंधाऱ्याची, म्हणजे पोत्यांच्या तात्पुरत्या बांधाची, वेळ पावसाळा संपता संपता येते. पात्र अरुंद, काठ उंच आणि तळ टणक असेल अशी जागा निवडतात. सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून सुतळीने तोंडे शिवतात. विटांसारखी सांधेमोड ठेवून पोत्यांचे थर रचतात आणि फटींत चिखल ठासतात. खर्च जवळजवळ नसतोच, लागते ती माणसांची साखळी. मात्र हा बंधारा एका हंगामाचा. ही पोती प्लॅस्टिकच्या धाग्याची असतात, म्हणून पहिल्या पुराआधी ती बाहेर काढणे हेही बांधण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. ते टाळले तर त्यांच्या चिंध्या पात्रभर होतात.

लागवड जून-जुलैत करावी. आधी गवत, मग काठाच्या वरच्या टप्प्यावर झाडे. वाळ्याची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात. जिथे लव्हाळा आपोआप तग धरून आहे, तिथे खड्डे खोदू नयेत, त्याला राखावे. पक्ष्यांची बिळे असलेली दरड तासून सपाट करू नये. हिवाळी शिबिरासाठी प्लॅस्टिक वेचणे, दगडी बांध घालणे आणि आधी लावलेल्या रोपांना आळी करून पाणी देणे एवढे काम भरपूर आहे.

सातत्याने काय साधते, ते मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर दिसले. तिथे ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे दर आठवड्याला नागरिक आणि विद्यार्थी येत राहिले. मार्च २०१८ मध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे गेली.

रायघोळसारख्या नदीच्या काठी वसलेल्या गावांना दत्तक घेणाऱ्या महाविद्यालयांनी १२० तासांतले निम्मे तरी जून ते नोव्हेंबर या महिन्यांत काठासाठी द्यावेत, आणि एका तुकडीने लावलेली रोपे पुढच्या तुकडीच्या हाती मोजून सोपवावीत.