विश्लेषण : परदेशात स्वत: गाडी चालवायची, तर हजार रुपयांचा परवाना पुरेसा आहे का?

युरोप किंवा न्यूझीलंडची सहल ठरली, की टूर कंपनीच्या बसऐवजी गाडीच भाड्याने घेऊ, असा विचार हल्ली अनेक घरांत होतो. हवे तेथे थांबता येते, लहान मुले आणि आजी-आजोबांची धावपळ वाचते आणि चार-पाच जणांत भाडेही परवडते. मात्र या हिशेबात एक खर्च धरायचा राहून जातो. तो म्हणजे चुकीचा खर्च.

परवाना कसा मिळतो?

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना (आयडीपी) आरटीओ देते. त्यासाठी ‘परिवहन’च्या ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज करता येतो. शुल्क एक हजार रुपये आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ परवाना त्याआधी संपत असेल, तर आयडीपीही तेव्हाच संपतो. परदेशात दोन्ही परवाने सोबत लागतात. हा परवाना देताना वाहन चालवण्याची नवी चाचणी होत नाही. म्हणजेच आयडीपी हे मूळ परवान्याचे इतर देशांना वाचता येईल असे रूप आहे, तेथे गाडी चालवता येते याचे प्रमाणपत्र नव्हे. बहुतेकांची गल्लत येथेच होते.

सवय कुठे घात करते?

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, थायलंड येथे भारताप्रमाणेच वाहने डावीकडून चालतात. अमेरिका, संयुक्त अरब अमिराती आणि युरोपातील बहुतेक देशांत ती उजवीकडून चालतात. समोर वाहतूक असेल, तर तिच्यामागे जाता येते. धोका असतो तो रस्ता रिकामा असताना. पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना किंवा पहाटे हॉटेलातून निघताना हात आपोआप जुन्या सवयीने वळतो.

दुसरा प्रश्न शिस्तीचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर डावीकडून ओव्हरटेक करणे हे रोजचे दृश्य आहे. जर्मनीच्या ऑटोबानवर चुकीच्या बाजूने ओव्हरटेक केल्यास दंड होतो. न्यूझीलंडच्या ग्रामीण भागात एकेरी पूल आहेत. तेथे आधी कोणी जायचे, हे फलकावरील बाण ठरवतो, हॉर्न नाही.

विम्यात काय नसते?

भाड्यात विमा असला, तरी ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान बहुधा ग्राहकालाच भरावे लागते. या रकमेला ‘एक्सेस’ म्हणतात. ती रक्कम आधीच क्रेडिट कार्डवर रोखून ठेवली जाते आणि कार्ड चालकाच्याच नावावर असावे लागते. टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग साध्या विम्यातून अनेकदा वगळलेला असतो. आइसलँडमध्ये वाऱ्याने दार उलटे वाकणे हे नेहमीचे नुकसान. तेही बहुधा विम्यात बसत नाही. सर्वांत महागात पडते ते ‘थोडा वेळ तू चालव’ हे वाक्य. करारात नाव नसलेल्या व्यक्तीच्या हातून अपघात झाला, तर विम्याचे संरक्षणच जाऊ शकते.

दंड कसा येतो?

इटलीतील फ्लोरेन्ससारख्या शहरांच्या जुन्या भागात ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते. परवानगीशिवाय गाडी आत गेली, की कॅमेरा नंबर टिपतो. गाडी देणारी कंपनी चालकाची माहिती पोलिसांना कळवते आणि त्याचे वेगळे शुल्क कार्डवरून कापते. मूळ दंडाची नोटीस अनेक महिन्यांनी घरी येऊ शकते. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचे वार्षिक ‘विन्येट’ लागते. ते नसल्यास २०० फ्रँक दंड आणि विन्येटचे पैसे वेगळे.

मग जाऊच नये का?

जरूर जावे. पण पहिली सहल डावीकडून वाहतूक असलेल्या देशाची निवडावी. रात्रभर विमानात जागून विमानतळावरूनच गाडी ताब्यात घेऊ नये. एक झोप झाल्यावर घ्यावी. मोठ्या शहरात मेट्रो वापरून गाडी शहर सोडताना घ्यावी, म्हणजे पार्किंगचेही पैसे वाचतात. ताबा घेताना चारही बाजूंचा व्हिडीओ काढावा. घरातील दोघे चालवणार असतील, तर दोघांची नावे करारात असावीत.

प्रश्न केवळ पर्यटकांचा नाही. आयडीपी देताना आरटीओने उजवीकडून गाडी चालवणे, गोल चौक आणि पादचाऱ्यांचा अग्रहक्क यांवर अर्ध्या तासाचा ऑनलाइन वर्ग सक्तीचा केला, तर कोणाचेही नुकसान नाही. आज हजार रुपये भरले की परवाना मिळतो. मागच्या सीटवर मुले आणि आई-वडील बसलेले असताना तेवढ्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही.