हिशेबाच्या ॲपची निवड

जमाखर्चाची वही आता फोनमध्येच ठेवावी, असा विचार गावोगावचे अनेक शेतकरी करू लागले आहेत. विचार योग्य आहे. वही भिजते, फाटते, ऐन वेळी सापडत नाही. फोन खिशात असतो, आणि रोजकीर्द नीट लिहिली तर खतावणी तो आपोआप करून देतो. मात्र या कामासाठी मिळणारी बहुतेक ॲपे पगारदार माणसाला डोळ्यांपुढे ठेवून रचलेली आहेत. निवड करताना शेतकरी बंधूंनी व त्यांना सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

पगारदाराचा पैसा महिन्याच्या महिन्याला येतो. शेतकऱ्याला महिना नसतो, हंगाम असतो. आडसाली उसाचे उदाहरण घ्यावे. जुलै २०२४ मध्ये लागण झाली, तर बेणे, खते, मजुरी व मोठी बांधणी हा बहुतेक खर्च २०२४-२५ या वर्षात पडतो. तोड मात्र पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात, म्हणजे २०२५-२६ मध्ये. दरमहा शिल्लक काढणारे ॲप या शेतकऱ्याला दीड वर्ष तोट्यात दाखवील आणि बिल जमा होताच एका दिवसात श्रीमंत करील. दोन्ही चित्रे खोटी आहेत, आणि दुसरे अधिक घातक आहे. कारण घरातील मोठ्या खरेदीचे बेत त्याच दिवशी होतात. पीककर्ज मुदतीत फेडणारास केंद्र शासनाच्या योजनेप्रमाणे, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, व्याजात ३ टक्के जादा सवलत मिळते. एक लाख रुपयांच्या कर्जावर वर्षाचे हे ३,००० रुपये होतात. बिलाच्या दिवशी हातात आलेल्या रकमेतून कर्जाचा हप्ता आधीच बाजूला दिसत नसेल, तर ही सवलत सहज हातची जाते. म्हणून पिकाप्रमाणे खाते उघडता येते काय, आणि हिशेबाचा आरंभ व शेवट आपल्या मर्जीने ठरवता येतो काय, हे सर्वांत आधी पाहावे. घराचे व शेताचे खाते निराळे ठेवता आले पाहिजे, हे सांगावयास नकोच.

दुसरी बाब उधारीची. कृषी सेवा केंद्रातून खते-औषधे हंगामावर उधार आणावयाची व माल विकल्यावर पैसे चुकते करावयाचे, ही रीत सर्वत्र आहे. ज्या ॲपमध्ये देणे नोंदविता येत नाही, त्यात जून ते ऑक्टोबरपर्यंत शेतीला खर्चच झालेला दिसत नाही! मजुरी, भाड्याचा ट्रॅक्टर, बाजारचा किरकोळ खर्च ही रक्कम बहुधा रोख जाते. तीही हाताने लिहावी लागते.

बँकेचे संदेश वाचून नोंदी आपोआप करणाऱ्या ॲपांची भुरळ पुष्कळांना पडते. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो सोयीचा भाग कमीच उपयोगाचा आहे. रोखीचा संदेश येत नाही, उधारीचा येत नाही. आणि फोनवरून पैसे दिले तरी दुकानदाराच्या नावावरून ते युरियाचे की किराण्याचे, हे यंत्राला कसे कळावे? ॲप संदेश वाचावयास, संपर्कयादी पाहावयास परवानगी मागते तेव्हा ती कशासाठी, हे विचारणे अगत्याचे आहे. कर्ज देणाऱ्या ॲपांनी ग्राहकाच्या फोनमधील संपर्कयादी व कॉलच्या नोंदी पाहू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावले आहे. हिशेबाच्या ॲपला तर त्यांची गरज मुळीच नाही. हिशेब लिहिता लिहिता जे ॲप कर्ज देऊ करते, ते टाळलेले बरे. बँकेचा पासवर्ड अगर पिन तर कोणत्याही ॲपमध्ये लिहू नये.

नाव मोठे म्हणून विश्वास टाकावा, हेही खरे नाही. अमेरिकेत लाखो लोक वापरीत असलेले ‘मिंट’ हे हिशेबाचे ॲप मार्च २०२४ मध्ये त्याच्या मालक कंपनीने बंद केले. तेव्हा आपल्या नोंदी तक्त्याच्या रूपाने बाहेर काढून ठेवता येतात की नाही, हे पहिल्याच दिवशी करून पाहावे. फोन हरवल्यासही तोच तक्ता उपयोगी पडतो. शेतात रेंज नसते. म्हणून इंटरनेटवाचून नोंद होणे आणि मराठीत लिहिता येणे ह्या दोन गोष्टींवर तडजोड करू नये.

परीक्षा मात्र घरीच घ्यावी. गेल्या खरिपातील एका पिकाचा, समजा सोयाबीनचा, हिशेब आठवून बियाण्यापासून मळणीपर्यंतच्या दहा-बारा नोंदी ॲपमध्ये घालाव्या आणि एकरी खर्च निघतो काय ते पाहावे. दहा नोंदींना तास लागत असेल, तर ते ॲप मृगाच्या धांदलीत कोणी उघडणार नाही. या परीक्षेस घरातील स्त्रियांना बसवावे. बचत गटाची वही त्या वर्षानुवर्षे लिहीत आल्या आहेत, आणि दुधाचे बिल कितीचे आले हे बहुधा त्यांनाच पाठ असते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही सभेत ॲपचे नाव सांगून मोकळे न होता, अशी एक नोंद सर्वांसमक्ष करून दाखवावी. इतके करूनही कोणाला वहीच सोयीची वाटली, तर त्याची वही सोडवू नये.