मुकी घंटा



९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, नागपूरपलीकडील भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात, नवजात बालकांच्या कक्षास आग लागून दहा अर्भके दगावली. त्यांपैकी तीन भाजून व सात गुदमरून गेली, असे महाराष्ट्राच्या तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. आगीत सापडलेल्या पुष्कळांना ज्वाळा स्पर्शही करीत नाही. त्यांचा प्राण धूरच घेतो.

धूर निदान डोळ्यांना झोंबतो. परंतु कोळसा, लाकूड वा गॅस अपुऱ्या हवेत जळला म्हणजे निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्यास वास असतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहूनही अधिक घट्ट जडतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते. निजलेल्यास तर तेवढीही सूचना मिळत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे केरळचे आठ प्रवासी गॅसचा हीटर लावून बंद खोलीत निजले. त्यांत चार बालके होती. आठांपैकी एकही वाचला नाही. आपल्या मोहगावात पौषाच्या थंडीत निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन दारे-खिडक्या लावणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. कोंदट न्हाणीघरातील गॅसच्या गिझरचा धोकाही हाच होय.

कोळशाच्या खाणीत पूर्वी पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेत असत. विषारी वायूने माणसाआधी तो कोसळे. १९८६ साली ब्रिटनने त्याच्या जागी यंत्र आणण्याचे ठरविले. तशी लहान यंत्रे आता घरांतही बसवितात. नागपूर, पुणे किंवा परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांच्या घरी ती छताला वा भिंतीला लावलेली आपण पाहिली असतील. मात्र एक भेद विसरू नये. पक्षी मेला की तत्काळ दिसे. यंत्र मेले तर दिसत नाही. निरोगी यंत्रही मुके असते आणि मेलेलेही मुकेच! म्हणून त्याचे मौन म्हणजे सुरक्षिततेची ग्वाही नव्हे.

यास्तव महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी म्हणा, त्याची कळ दाबून आवाज ऐकावा. सेल बदलता येण्याजोगा असल्यास वर्षातून एकदा बदलावा. अधूनमधून बारीक चिवचिव होऊ लागली तर ती बहुधा संपत आलेल्या सेलची विनवणी असते. जाळी धुळीपासून स्वच्छ ठेवावी. फोडणीच्या धुराने यंत्र ओरडते म्हणून सेल काढून ठेवणे हा शुद्ध आत्मघात होय; यंत्र चुलीपासून दूर हलवावे. धूर ओळखणाऱ्या यंत्राचे आयुष्य दहा वर्षांचे धरतात. दुसऱ्याची मुदत त्याच्या पाठीवर पाहावी. धूर ओळखणारे यंत्र कार्बन मोनॉक्साइड ओळखतेच असे नाही, हेही विकत घेताना विचारून घ्यावे.

घंटा वाजलीच, तर कारण शोधीत बसू नये. लेकरे व वृद्ध यांना घेऊन प्रथम मोकळ्या हवेत यावे, मग ११२ क्रमांकावर साह्य मागावे.

ज्यांच्या घरी असे यंत्र नाही, त्यांनी निजण्यापूर्वी शेगडी अंगणात ठेवावी. एक घोंगडी अधिक घ्यावी, पण निखारे उशाशी ठेवू नयेत. आणि ज्यांच्या घरी ते आहे, त्यांनी आज रात्रीच ती कळ दाबून पाहावी.