जतीन दास आणि सी क्लास

खोलीच्या भिंतीवर हॅटवाला भगतसिंग लावता. लावा. मीही लावलाय. पण त्याच केसमधला, अन्न बंद करून मेलेला एक बंगाली पोरगा होता. त्याचं नाव विचारलं की आपल्यातले निम्मे गप्प बसतात. जतींद्रनाथ दास. १९०४ साली कलकत्त्यात जन्मला, १३ सप्टेंबर १९२९ ला लाहोरच्या बोर्स्टल जेलात मेला. चोवीस वर्षांचा. म्हणजे माझ्याच वयाचा.

असहकाराच्या चळवळीत पोरवयातच उतरला. मग अनुशीलन समिती, मग बॉम्ब. मैमनसिंगच्या जेलात कैद्यांना जनावरागत वागवतात म्हणून सुमारे तीन आठवडे उपाशी राहिला, तेव्हा सुपरिंटेंडेंटला माफी मागावी लागली. उपाशी राहणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. म्हणून लाहोरात बाकीची पोरं जोशात आली तेव्हा हाच आधी त्यांना आवरत होता. गोळी खाऊन मरणं सोपं, हे असं इंचाइंचानं मरणं कठीण, हे त्याचं म्हणणं. आणि १३ जुलैला उतरला तो परत फिरलाच नाही.

उपासाचं कौतुक मला कुणी सांगू नये. आमच्या घरातला उपास एकादशीचा नव्हता, मुकादमानं पाळी न दिल्याचा होता. पण समोर दूध ठेवलंय आणि तोंड मिटून घ्यायचं, ही वेगळी गोष्ट आहे. माणसांनी दाबून धरलं, नाकातून रबरी नळी घातली, दूध फुफ्फुसात गेलं. तिथून तो उठला नाही. औषधही घेईना. खुद्द जेल चौकशी कमिटी म्हणाली, याला बिनशर्त सोडा. सरकार म्हणालं, जामिनावर सोडतो. जामीन त्यानं नाकारला. त्रेसष्टाव्या दिवशी खलास.

मग काय, प्रेत लाहोरहून रेल्वेनं कलकत्त्याला. स्टेशनास्टेशनावर माणसं. हावड्याला सुभाषबाबू. आयर्लंडमध्ये १९२० साली असाच चौऱ्याहत्तर दिवस उपाशी राहून मेलेल्या मॅक्स्विनीच्या घरच्यांची तार. सगळं झालं. कालीबाडीत सनातनी रीतीनं माझे विधी करू नका, मी भारतीय आहे, असं तो बजावून गेला म्हणतात. हे मात्र फोटोला हार घालणाऱ्यांच्या भाषणात कधी येत नाही.

आता खरी गोम ऐका. मागणी काय होती? खायला धड अन्न, वाचायला पुस्तकं-पेपर, अपमानाचं काम नको, गोऱ्या कैद्याला मिळतं ते आम्हाला द्या. साधी माणसासारखी मागणी. सरकारनं पाच महिन्यांनी, फेब्रुवारी १९३० ला, उत्तर दिलं. ए, बी, सी असे तीन क्लास. निकष कोणता? सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणीमान! बाहेर गादीवर लोळत होतास तर आत खाट घे. बाहेर जमिनीवर पडत होतास, तर आतही जमीनच. ज्याला बाहेर भाकर नव्हती त्यानं आत ती कशाला मागावी? गोरा-काळा हा फरक कागदावरून पुसला, आणि त्या जागी आपल्याकडचा जुनाच हिशोब मांडून ठेवला. हे इंग्रजाला कुणी शिकवलं म्हणता? आपल्या गावाची रचना बघितली असेल त्यानं.

आणि आपल्या माणसाचीही बाजू सोडायची नाही म्हणून बोलतो: मागणी राजकीय कैद्यांपुरती होती. शेजारच्या बराकीतला चोर तिच्यात नव्हता. मी त्या पोरांना दोष देत नाही. भगतसिंगानं आदल्याच वर्षी, १९२८ ला, ‘किर्ती’त अस्पृश्यतेवर सणसणीत लेख लिहिला होता. त्यांना दिसत होतं. पण मागणीपत्रात ते आलं नाही. आणि जे आलं नाही ते पुढं स्वराज्यातही राहिलं.

जतीन दासच्याच बंगालात, स्वातंत्र्यानंतरच्या जेल-नियमांत, लिहिलेलं होतं की झाडूवाले कैदी मेहतर किंवा हाडी जातीतले निवडावेत, चांडाळही चालतील. स्वयंपाकाला मात्र योग्य जातीचा कैदी हवा. हे ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं एका पत्रकार बाईच्या याचिकेवर रद्द केलं. नुसतं बंगालचं नाही, बऱ्याच राज्यांचं. आणि कैद्याच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाका म्हणाले. जतीन दास मेल्याला तेव्हा पंचाण्णव वर्षं झाली होती.

त्या निकालानंतरचीच गोष्ट. मोर्चात धरून आम्हाला रात्रभर एका लॉकअपमध्ये ठेवलं. पहाटे हवालदारानं एकेकाचं आडनाव विचारलं. माझं ऐकून झाडू पुढं केला, कोपऱ्यातल्या मोरीकडं बोट दाखवलं. मी म्हणालो, नाही. म्हणाला, मग चहा नाही. नको म्हणालो. दहा वाजेपर्यंत चाललं, एवढंच माझं उपोषण. आमच्यात एक विशीतला पोरगा होता, मोबाइल चोरल्याच्या संशयावरून आणलेला. त्यालाही आडनाव विचारून झालं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, झाडूकडं बघितलं, आणि उठला. मी राजकीय होतो. मोरी त्यानं धुतली. चहा त्यालाही मिळाला नाही.