दाखला आमचा, दादागिरी तुमची

निकाल लागले की इंजिनीअरिंग कॉलेजांचे फलक वाचा. एसटी स्टँडपासून पेट्रोल पंपापर्यंत एकच दावा: आमच्यासारखं कॉलेज दुसरं नाही! त्याच कॉलेजातला विद्यार्थी पहिलं वर्ष संपल्यावर ऑफिसात जाऊन म्हणतो, ‘सर, मला कॉलेज बदलायचंय.’ उत्तर काय मिळतं? ‘अरे, सगळी कॉलेजं सारखीच. अभ्यास शेवटी आपला आपल्यालाच करायचा असतो.’ प्रवेशाच्या वेळी द्वैत, दाखल्याच्या वेळी अद्वैत. फी भरल्याची पावती फाटली की तत्त्वज्ञानच बदलतं.

सगळी सारखी, तर फी वेगवेगळी का? राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक विनाअनुदानित कॉलेजची फी वेगळी ठरवतं, तीही संस्थेने दाखवलेल्या खर्चावरून. तिथे कागदावर मांडायचं की आमचे प्राध्यापक, आमच्या प्रयोगशाळा, आमचं ग्रंथालय यांवर इतका खर्च होतो. आणि पोराला सांगायचं की कुठेही गेलास तरी तेच. यातलं एक विधान धडधडीत खोटं आहे. कोणतं, ते संस्थाचालकांनी छातीवर हात ठेवून सांगावं.

माझ्या भाचीला हे अद्वैत ऐकवलं गेलं तेव्हा मी तिच्या शेजारी बसलो होतो. तिच्या वर्गाला अर्धं सत्र गणिताला शिक्षक नव्हता. प्रात्यक्षिकं म्हणजे मागच्या बॅचची जर्नलं उतरवून काढणं. हजेरी मात्र पंचाहत्तर टक्के भरलीच पाहिजे! शिकवणारा गैरहजर चालतो, शिकणारा चालत नाही, हे कुठलं शिक्षणशास्त्र? तिने बदलीचा अर्ज पुढे केला. कारकून वर न बघता म्हणाला, ‘ओरिजिनल्स पाहिजेत ना साहेब? मग उरलेल्या तीन वर्षांची फी भरा. एनओसी लगेच देतो.’

तीन वर्षांची फी! कशाची? न घेतलेल्या तासांची? न वापरलेल्या बाकांची?

विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना याबाबत अगदी स्वच्छ आहे. मूळ प्रमाणपत्रं तपासायची आणि लगेच परत करायची, अडकवून ठेवायची नाहीत. फी आगाऊ घ्यायची ती चालू सत्राची किंवा वर्षाची, त्यापुढची नाही. तरीही बारावीची गुणपत्रिका आणि शाळेचा दाखला कॉलेजच्या कपाटात कुलपाआड. मुलीने बारा वर्षं शिकून मिळवलेला कागद हे लोक तारण म्हणून ठेवतात. सावकारसुद्धा आधी कर्ज देतो आणि मग गहाण मागतो. इथे पैसे आमचे आणि गहाणही आमचंच.

त्यांचा युक्तिवाद मला पाठ आहे: ‘जागा रिकामी राहते, संस्थेचं नुकसान होतं.’ पदविका झालेल्या मुलांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आधीच्या वर्षी न भरलेल्या जागाही त्यांना मिळतात, हे या मंडळींना माहीत नाही? माहीत आहे. पण तिथे चांगलं कॉलेज म्हणून निवड व्हावी लागते आणि त्यासाठी शिकवावं लागतं. त्यापेक्षा आत आलेल्याला कोंडून ठेवणं सोपं.

आणि थोडा इतिहास आठवा. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडलं, कारण महाराष्ट्रातली मुलं डोनेशन भरून कर्नाटकात जात होती. ती इथेच शिकावीत, असा विचार होता. म्हणजे ज्या धंद्याचा पायाच ‘मुलं दुसरीकडे जातात’ या वस्तुस्थितीवर घातला गेला, त्या धंद्यातले लोक आज मुलांना गावातल्या गावात कॉलेज बदलू देत नाहीत!

सरकारी भाषा तर आणखी उंचावरून बोलते. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की विद्यार्थ्याने हवं तेव्हा थांबावं, हवं तिथे पुन्हा सुरू करावं. २०२१ मध्ये श्रेयांकांची बँकही निघाली. संस्थाचालक या विषयावर परिसंवाद भरवतात, दीपप्रज्वलन करतात, शाली घेतात. आणि त्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा कारकून मुलीला दाखल्यासाठी चौथ्यांदा ‘उद्या या’ म्हणतो. श्रेयांक डिजिटल खात्यात, दाखला कपाटात, चावी साहेबांकडे आणि साहेब मीटिंगमध्ये.

घरची मंडळीही यात मागे नाहीत. ‘पहिल्याच वर्षी पळाली, लोक काय म्हणतील?’ असं म्हणणारा काकाच मुलाने वर्षाच्या आत कंपनी बदलली की पॅकेज वाढलं म्हणून पेढे वाटतो. पगारासाठी बदल केला तर पोरगा हुशार आणि शिक्षणासाठी केला तर पोरगी चंचल? ही अक्कल आली कुठून?

मुलांनो, एक मात्र कठोरपणे तपासा. मैत्रीण तिकडे आहे, कॅम्पस चकचकीत आहे, फलकावर कोटीचं पॅकेज आहे, एवढ्यावर निघू नका. तो आकडा एखाद्याच मुलाचा असतो. तुमच्या शाखेतल्या मधल्या मुलाला काय मिळालं ते विचारा. नव्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला तुमच्या शाखेत जागा खरंच रिकामी आहे का? विद्यापीठ तेच आहे की कॉलेज स्वायत्त आहे? स्वायत्त असेल तर तुमचे कोणते विषय ग्राह्य धरणार आणि कोणते पुन्हा द्यावे लागणार? केटी असेल तर चालतं का? फी सवलत बदलीनंतर टिकते का? गोड बोलणाऱ्या समुपदेशकाचं ‘होऊन जाईल’ ऐकून परत येऊ नका, उत्तर लेखी घ्या. आणि उत्तरं पटली, इथे शिकवलं जात नाही हे पक्कं झालं, तर राहू नका. चार वर्षांतलं एक गेलं, तीन का घालवायची?

भाचीच्या कॉलेजात आम्ही त्या कारकुनाच्या टेबलावर अधिसूचनेची प्रत ठेवली आणि म्हटलं, ‘नकार लेखी द्या, खाली सही-शिक्का करा.’ आठवड्याच्या आत ओरिजिनल्स हातात आले, एक रुपया न भरता. तेव्हा तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या आणि नकार लेखीच मागा. तो कागदावर उतरवायची हिंमत या लोकांत नाही, कारण अधिसूचना त्यांनीही वाचलेली आहे.