सरकारी इंजिनिअर नेमकं करतो काय?

गॅदरिंगच्या निमित्तानं बऱ्याच वर्षांनी हॉस्टेलवर आलो होतो. कॉरिडॉरमध्ये तेच वाळत घातलेले टॉवेल, तीच मेसच्या आमटीबद्दलची तक्रार. फायनल इयरचा एक पोरगा म्हणाला, "सर, तुमचं बरं आहे. गव्हर्नमेंट. पाच वाजले की घरी." मी हसून वेळ मारून नेली. पण रात्री गाडी चालवताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मॅगझिनच्या मंडळींनी लेख मागितलाच होता, म्हणून इथंच उत्तर देतो.

मी एका सार्वजनिक कंपनीत माहिती तंत्रज्ञान विभागाचा व्यवस्थापक आहे. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, का ते पुढं कळेल.

१९९८ साली मी थर्ड इयरला होतो. त्याच वर्षी आपल्या शेजारी वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तरच्या आसपास गावं कॉम्प्युटरनं जोडायची, असा बेत होता. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेची सहकारी संस्था यांनी मिळून खर्च उचलला, तांत्रिक बाजू एनआयसीकडे होती. आम्हाला तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये एका पीसीवर तिघं बसायला लागायचं, आणि तिकडं खेड्यात पीसी! शेतकरी बाजारभाव बघणार, जमिनीची कागदपत्रं काढणार, मुलांना नोकरीची माहिती मिळणार. आम्ही भारावून गेलो होतो. सरकारी क्षेत्रात जायचं माझं तिथंच ठरलं म्हणा ना.

पुढं काय झालं हे तुमच्या सिलॅबसमध्ये नाही, पण असायला हवं. गावातल्या केंद्रात शेतकरी यायचा तो मुख्यतः एकाच गोष्टीसाठी : माझ्या उसाचं वजन किती भरलं, खत किती उचललं, हिशेब काय झाला. कॉम्प्युटरला तो हातही लावत नसे, ऑपरेटर बघून सांगायचा किंवा छापून द्यायचा. बाकीची स्वप्नं बहुतेक तशीच राहिली. २००६-०७च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधन विभागातल्या मंडळींनी सात गावांत एक प्रयोग केला. पीसी बाजूला ठेवले आणि साधा मोबाईल आणला. एसएमएस पाठवायचा, उत्तरात उसाचा हिशेब यायचा. तेच काम होत होतं, आणि खर्च बराच कमी.

बरेच जण हे ऐकून म्हणतात, बघा, सरकारी पैसा पाण्यात. मला तसं अजिबात वाटत नाही. मागं कारखान्याचा सगळा हिशेब कॉम्प्युटरवर आलेला नसता, तर त्या एसएमएसला उत्तर कुठून मिळालं असतं? चूक झाली असेल तर ती एवढीच, की शेतकऱ्याला नक्की काय हवंय हे आधी विचारलं गेलं नाही. आणि हे विचारणं हेच आमचं काम आहे. प्रोग्रॅमिंग नंतर. माझ्या आयुष्यातले निम्मे दिवस कुठल्यातरी तालुक्याच्या ऑफिसात क्लार्कच्या शेजारी खुर्ची टाकून बसण्यात गेलेत. "मावशी, हा रकाना तुम्ही मोकळा का सोडता?" असं विचारायचं. मावशी खरं कारण सांगतात, ते कुठल्याही रिपोर्टमध्ये नसतं.

आता नाव न लिहिण्याचं कारण.

मार्च २०१९. सरकारी कामात ३१ मार्च म्हणजे काय, हे तुम्हाला सबमिशनच्या शेवटच्या रात्रीवरून समजेल. निधी त्या दिवशी खर्ची पडला नाही तर गेला. नदीकाठच्या काही ऑफिसांसाठी आम्ही जनरेटर घेतले होते. लाईट गेली तरी तक्रार नोंदवायची यंत्रणा चालू राहावी म्हणून. सगळीकडे बसवून झाले, एका ठिकाणी मात्र पेटी आली होती आणि चौथरा वरच्या मजल्यावर व्हायचा होता. ठेकेदार म्हणाला, आठ दिवसांत करतो. वरून फोनवर फोन. 'बसवून, चालवून पाहिले' असा दाखला माझ्या ज्युनिअरनं तयार केला, मी सांगितलं म्हणून. खाली माझी सही.

आठ दिवसांचे चार महिने झाले. मी दुसऱ्या टेंडरमध्ये अडकलो होतो. ऑगस्टमध्ये महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्यावर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद. ते सगळं तुमच्यापैकी कोल्हापूर-शिरोळच्या पोरांना मी सांगायला नको. आमच्या त्या ऑफिसात लाईट गेली, फोन मुका झाला, आणि कागदावर वरच्या मजल्यावर चालू असलेला जनरेटर खालच्या व्हरांड्यात पेटीसकट पाण्याखाली होता. लोक कुठं तक्रार करायची म्हणून चिखलातून चालत शेजारच्या तालुक्याला गेले.

ऑडिट झालं. मेमो आला तो ज्युनिअरला, कारण मसुद्यावर त्याची आद्याक्षरं होती. त्याच्या घरात नुकतंच बाळ झालं होतं. मी चार दिवस गप्प बसलो. हे लिहायला सोपं नाही, पण चार दिवस बसलो. प्रमोशनची यादी लागायची होती. पाचव्या दिवशी लेखी दिलं की सूचना माझी, सही माझी. माझी एक वेतनवाढ रोखली, यादीतलं नाव पुढच्या वर्षावर गेलं. ज्युनिअर माझ्याशी आजही नीट बोलतो, पण त्या चार दिवसांबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही.

तर पाच वाजता घरी जाण्याबद्दल. होय, कधीकधी जातो. पगार पुण्या-बेंगळुरूच्या तुमच्या सिनिअर्सपेक्षा कमी आहे, बदल्या होतात, सगळ्यात कमी दराचं टेंडर घ्यावं लागतं आणि मग त्याच दरातलं काम हाताशी धरून वर्षानुवर्षं चालवावं लागतं. २००५च्या माहिती अधिकारानं तुमच्या फाईलवरचा शेरा उद्या कोणीही मागू शकतो. मला हे आवडतं, खरं सांगतो. दुसऱ्या कुठल्या नोकरीत ऊसवाला शेतकरी तुमचं काम तपासायला मागेल?

'गेट' देऊन येणाऱ्यांनी जरूर यावं. 'आराम आहे' म्हणून येणार असाल तर मात्र नका येऊ, कारण तुमच्या आरामाची किंमत व्हरांड्यात पाणी शिरल्यावर दुसराच कोणीतरी भरतो.

त्या ऑफिसात आता जनरेटर वर बसलाय. ज्युनिअर आता तिथलाच प्रमुख आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो मशीन चालू करतो आणि मला फोन लावून तो आवाज ऐकवतो. "ऐकू आलं सर?" म्हणतो आणि ठेवतो.

सुट्टीत इंटर्नशिपला दोन पोरं हवी आहेत. एसटीनं फिरायची तयारी पाहिजे. नावं आपल्या टी.पी.ओ. सरांकडे द्या.