चाक कोठे थांबवावे

निवासी शाळेत शिकणाऱ्या मुलाला गोदावरीच्या उपनद्यांची नावे क्रमाने पाठ असतात. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, दुधना तिला येऊन मिळते आणि पुढे पूर्णा गोदावरीत विलीन होते, हे तो परीक्षेत न चुकता लिहितो. परंतु दुधनेच्या काठावरील गाळात पाऊल किती खोल रुतते, लव्हाळ्याच्या बेटाआड कोणता पक्षी बसतो, किंवा जिंतूरकडील डोंगराच्या घळीत पळस आणि सागाच्या सावलीत वारा कसा बदलतो, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. पाठांतर आणि परिचय यांतील हे अंतर कमी करण्यास सायकलीसारखे स्वस्त व प्रामाणिक साधन दुसरे नाही, असे आमचे मत आहे. नदीकाठच्या दलदलीतून आणि झाडीच्या दऱ्यांमधून जाणारा सायकलप्रवास हा शालेय शिक्षणाचा नियमित भाग व्हावा. मात्र त्या प्रवासाचा पहिला धडा चाक फिरविण्याचा नव्हे, चाक थांबविण्याचा असावा. हा आग्रह आम्ही का धरतो, ते येथे मांडीत आहोत.

देवगाव फाटा हे नाव बहुतेकांना एस.टी.चा थांबा म्हणूनच परिचित आहे. येथून एक रस्ता चारठाण्यावरून जिंतूरकडे जातो, एक मंठ्याकडे, तर एक सेलूकडे. प्रवासी येथे गाडी बदलतात, चहा घेतात आणि निघून जातात. परंतु याच सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ दुधनेवर निम्न दुधना प्रकल्पाचे धरण उभे आहे. आणि पाणी ओसरू लागले की अशा जलाशयांच्या काठी चिखलाचा, गवताचा व पक्ष्यांचा एक नवाच प्रदेश उघडा पडतो. चारठाण्याची प्राचीन मंदिरे, जिंतूरजवळील नेमगिरीची टेकडी व तेथील जैन गुंफा, पूर्णेवरील येलदरीचा विस्तीर्ण जलाशय, हा सारा परिसर सायकलच्या टप्प्याटप्प्याने पाहता येण्याजोगा आहे. बसच्या खिडकीतून तो क्षणभर दिसतो आणि मागे पडतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, डोंगरवाटांवर सायकल चालविणे हा शहरांतील धनिकांचा छंद आहे. आज दुकानांत दिसणाऱ्या किमती पाहता हा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि या खेळाचा जन्म श्रीमंतीत झालेला नाही. 1970च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात काही तरुण जाड टायरच्या जुन्या, टाकाऊ सायकली दुरुस्त करून डोंगरउतारावरून चालवू लागले. ऑक्टोबर 1976 मध्ये त्यांनी एका उतारावर शर्यत लावली. तो उतार इतका तीव्र होता की मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस जळून जाई व प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यावरूनच त्या शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. अशा मोडक्या सायकलींतून सुरू झालेला हा खेळ 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. आपल्या खेड्यांत दुधाच्या कॅना आणि पिठाच्या गोण्या वाहणारी काळी, जड सायकल या इतिहासाच्या अगदी जवळची आहे. तिला लाजण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो आम्ही गांभीर्याने घेतो. गाळप हंगामात उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांच्या जोडट्रॉल्या महामार्गावरून जात असतात. अशा रस्त्यावर मुलांची रांग नेणे धोक्याचे आहे. म्हणूनच वाट महामार्गाची नसावी, पाणंदीची आणि गाडीवाटेची असावी. महामार्ग ओलांडावयाचा झाल्यास तो शिक्षकांच्या देखरेखीखाली, सायकल हातात धरून, एकाच वेळी सर्वांनी ओलांडावा. हेल्मेट असावे, प्रथमोपचाराची पेटी असावी, आणि पाण्यात उतरण्यास सक्त मनाई असावी. गाळाचा तळ वरून कळत नाही.

मुलींच्या बाबतीत हा आक्षेप अधिक जोराने उच्चारला जातो. मानव विकास कार्यक्रमातून इयत्ता 8वी ते 12वीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या, आणि अनेकींचे शिक्षण त्या दोन चाकांमुळे सुरू राहिले. पण घर ते शाळा आणि शाळा ते घर, एवढ्यापुरतीच ती सायकल राहिली. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991च्या सुमारास साक्षरता मोहिमेने अक्षरांबरोबर सायकलही शिकविली. हजारो ग्रामीण स्त्रिया ती शिकल्या आणि आपल्या वेळेच्या व वाटेच्या मालकीण झाल्या. हा अनुभव आपल्यासमोर असताना नदीपर्यंतची वाट केवळ मुलांसाठी राखून ठेवणे न्यायाचे होणार नाही.

तिसरा आक्षेप मात्र आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो क्वचितच कोणी घेतो. तो आक्षेप नदीच्या वतीने आहे. आपली जमीन काळी, चिकणमातीची आहे. पाऊस पडला की ती फुगते, चाकाला व मडगार्डला लिंपून बसते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. ओल्या काठावरून चाक गेले की चाकोरी उमटते, पुढच्या सरीत त्याच चाकोरीतून पाणी धावते, आणि काही पावसाळ्यांनंतर तेथे ओघळ झालेला असतो. दलदल ही पडीक जागा नव्हे. ती पुराचे पाणी थोपविते, गाळ गाळून घेते, माशांच्या पिलांना आसरा देते. गोदावरीवरील बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेली नांदूर मध्यमेश्वरची पाणथळ 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरली. धरणाच्या पोटी जन्मलेली दलदलही जगाच्या दृष्टीने जपण्याजोगी ठरू शकते, हे त्यावरून दिसते. शिवाय टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, नदी सुरय वाळूच्या बेटांवर. ती अंडी खड्यांसारखीच दिसतात. वेगात जाणाऱ्या चाकाला ती दिसणार नाहीत.

डोंगरवाटांवरील सायकलस्वारांनाही हे कालांतराने शिकावे लागले. कॅलिफोर्नियात अनेक वाटा त्यांना बंद होऊ लागल्या, तेव्हा 1988 मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने घालून दिलेल्या नियमांचा गाभा असा की, खुल्या वाटेनेच जावे, मागे खूण ठेवू नये, वाट ओली असेल तर दुसरी निवडावी, प्राण्यांना बिचकवू नये आणि पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यावी.

या स्मरणिकेच्या वाचकांना या नियमांत एक जुनी ओळख पटेल. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्षूंच्या पायांखाली हिरवे अंकुर व लहान जीव तुडविले जातात, अशी तक्रार लोकांनी केली, तेव्हा तथागतांनी भिक्षुसंघाला पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला, असे विनयपिटकात सांगितले आहे. वर्षावासाचे आध्यात्मिक मोल आपण नेहमी बोलून दाखवितो. त्याच्या मुळाशी कोवळ्या जमिनीविषयीचा हा साधा विवेकही आहे, याचे स्मरण आपण कमी ठेवतो. चारिकेला निघणाऱ्याने केव्हा थांबावे, हे ज्या परंपरेने इतक्या आधी ठरविले, तिच्या छायेत वाढणाऱ्या मुलांना ते नव्याने समजावून सांगणे कठीण नाही.

यावरूनच प्रवासाचे दिवस ठरतात. अश्विन पौर्णिमेनंतर जमीन हळूहळू वाळू लागते; हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी जलाशयांवर असतात; आणि मार्चपासून सुरय व टिटवीची वीण सुरू होते. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने आपले. हेच महिने मराठवाड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गावाबाहेर असण्याचे. ज्यांचे आईवडील फडावर असतात, त्या मुलांना रविवारी भेटायला कोणी येत नाही. त्यांच्यासाठी या चार महिन्यांतला एखादा रविवार नदीकाठी जाणे ही केवळ सहल राहणार नाही. ज्या भूमीत आपण राहतो ती आपलीही आहे, हे त्यांना त्या दिवशी उमगेल.

असा प्रवास पुस्तकाबाहेरचे पुष्कळ शिकवितो. आपल्या वाटांवर बाभळीचा काटा चुकत नाही. तेव्हा ट्यूब बाहेर काढणे, पाण्यात बुडवून बुडबुडा शोधणे, घासकागद फिरवून सोल्युशन लावणे व ठिगळ चिकटविणे प्रत्येकाला यावयास हवे. मऊ जमिनीवर हवा थोडी कमी केली की टायर अधिक रुंद टेकतो व कमी रुततो. दाब आणि क्षेत्रफळ यांचे सूत्र तेथे हाताला कळते. शेताच्या बांधावरून जाण्यापूर्वी शेतकऱ्याची, वनजमिनीत जाण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घेणे, हे नागरिकशास्त्र आहे. आणि दलदलीच्या कडेला सायकल झाडाला टेकवून, उरलेली वाट पायी, निःशब्दपणे चालणे, यास आम्ही संस्कार म्हणतो.

खर्चाचा प्रश्न उरतो. आमच्या मते नव्या, महागड्या सायकलींची गरज नाही. माजी विद्यार्थ्यांच्या आणि हितचिंतकांच्या घरी जिन्याखाली गंजत पडलेल्या सायकली शाळेकडे आल्या आणि त्यांची दुरुस्ती मुलांनीच शिकून केली, तर पहिल्या तुकडीपुरती सोय सहज होईल. एक जाड वही तेवढी नवी घ्यावी. प्रत्येक फेरीत पाणी कोठवर होते, कोणते पक्षी दिसले, कोणती वाट ओली म्हणून सोडून दिली, हे मुलांनी तीत तारखेनिशी लिहावे. दहा वर्षांनी ती वही म्हणजे दुधनेचा आपल्या मुलांनी लिहिलेला इतिहास असेल, आणि सोडून दिलेल्या वाटांची नोंद हा त्यातील सर्वांत मोलाचा भाग असेल.